ज्योतिबा मिस्त्रीचा उजवा डोळा

ज्योतिबा मिस्त्री भिंत तपासायला आला की आधी डावा डोळा झाकायचा. मान जराशी तिरपी, ओठ दाबलेले आणि उजवा डोळा भिंतीच्या कडेला लावलेला. तेवढ्या वेळात बांधकामावरचं सगळं थांबायचं. घमेली खाली टेकायची, विटा देणाऱ्याचा हात तसाच राहायचा आणि घराचा मालक, मग तो कितीही शिकलेला असो, मिस्त्रीच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. मिस्त्री "हं" म्हणाला की भिंत पास. "पोट आलंय" म्हणाला की नापास. पोट येणं म्हणजे भिंत मधोमध फुगणं; वर सरळ, खाली सरळ आणि मध्ये नुकतीच जेवून उठल्यासारखी. आष्ट्याच्या आसपासच्या दहा-बारा गावांत पंचवीस वर्षं हा निकाल शेवटचा होता.

आता खरं सांगायचं तर ह्या माणसाला थोडी मिजास होती. थोडी कसली, चांगली भरपूर होती. लेसरची लेव्हल घेऊन येणाऱ्या नव्या गवंड्यांना तो "बॅटरीवाले" म्हणायचा. दोरीच्या टोकाला लोखंडी वजन बांधलेला ओळंबा त्याच्याही पिशवीत असायचा, पण तो दुसऱ्यांना पटवून देण्यापुरता. स्वतःला पटायला त्याला डोळा पुरायचा. नजरेवर विटा ठोकत जायचा आणि भिंत अशी उभी करायचा की गिलावा करणारा बिराप्पा म्हणायचा, "हेंच्या भिंतीला गिलावा कशाला, नुसता रंग मारा की."

त्याची आणखी एक रीत होती. कुणाची चूक दिसली की तो चारचौघांत बोलायचा. बाजूला घेऊन सांगितलेलं माणूस विसरून जातं, असं त्याचं म्हणणं. बोलायचा तेही असं की ऐकणारे हसले पाहिजेत. लोक हसायचे. ज्याच्यावर हसायचे तो खाली बघायचा. मिस्त्रीला वाटायचं, शिकला.

ह्या रितीपायी त्याच्या घरात दीड वर्षापासून एक विचित्र शांतता होती. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, घरात बाप आणि एकुलता एक मुलगा शंभूराज. शंभूराजने सैन्यात भरती व्हायचं म्हणून चार वर्षं पहाटे पळून काढली. दर वेळी कुठं ना कुठं घोडं अडायचं. शेवटच्या भरतीत छाती फुगवायची ती पाच सेंटिमीटर भरली नाही, आणि मग वयही उलटलं. पोरगं घरात तोंड लपवून बसलं होतं. त्यातच भावकीतल्या एका लग्नात, पंगत बसलेली असताना, ज्योतिबा मोठ्यानं म्हणाला, "आमच्या शंभूच्या छातीत पाच सेंटिमीटर भरत न्हाई, पोटात मातुर पाच भाकऱ्या बराबर भरत्यात." अख्खी पंगत हसली. शंभूराज हात न धुता उठला. त्या दिवसापासून तो बापाशी एक शब्द बोलला नाही. सकाळी भाकरी थापून बापाची झाकून ठेवायचा, आपली बांधून घेऊन द्राक्षबागेत कामाला जायचा. ज्योतिबा ती झाकलेली भाकरी खायचा. आपण होऊन बोलावं असं त्याला रोज वाटायचं आणि रोज तो ते उद्यावर टाकायचा. झोप तुटकी झाली होती. उठल्यावर जबडा दुखायचा, इतके दात दाबून झोपलेला असायचा. दिवसाला पंधरा चहा आणि तंबाखू, ह्यावर गाडं चाललं होतं. वर तीन ठिकाणची कामं आणि मालकांचे फोन. कुणी विचारलं तर म्हणायचा, "झ्याक हाय."

आणि मग संयोगिता.

संयोगिता त्याच्याकडे आठ वर्षं बिगारी होती. माहेर मेढ्याच्या वरचं, डोंगरातलं. नवरा गेला तेव्हा ती सव्वीस वर्षांची, पदरात शिवांजली नावाची मुलगी. वाळू-सिमेंटचा माल कालवायचा, घमेलं डोक्यावर घ्यायचं आणि वर द्यायचं, एवढंच बायकांचं काम. थापी धरून भिंत चढवणारी बाई त्या भागात कुणी बघितली नव्हती. पण ही बाई घमेलं देता देता वर बघायची. जेवणाच्या सुट्टीत पडक्या विटा घेऊन बाजूला थर लावायची आणि कामाची वेळ झाली की मोडून टाकायची. ज्योतिबाने ते बघितलं, आणि एरवी तोंड सुटलेला हा माणूस त्या दिवशी काहीच बोलला नाही. जवळ बसला आणि वीट कशी ओली करायची, सांधा कसा भरायचा ते दाखवू लागला. पुढची चार वर्षं शिकवत राहिला. हा त्याचा मोठेपणा, तो नाकारण्यात अर्थ नाही.

खंडेनवमीला गवंड्यांची अवजारं पुजतात. थाप्या, काटकोन बघायचा गुण्या, ओळंबा, सगळं धुऊन मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा. ज्योतिबाच्या तांड्यात रीत अशी की पुजलेल्यांतली एक थापी मिस्त्री ज्याच्या हातात देईल तो त्या दिवसापासून बिगारी नाही, गवंडी. गेल्या वर्षी त्याने ती संयोगिताच्या हातात दिली. दोघं-तिघं खोकले. एकजण म्हणालाच, "बाईच्या हातात थापी, मिस्त्री?" ज्योतिबा म्हणाला, "हात बाईचा हाय. नजर म्या दिलीया." सगळ्यांनी माना डोलावल्या. संयोगिताने थापी पदरात धरली आणि त्याच्या पाया पडली.

तिची पहिली पुरी भिंत आष्ट्याच्या रस्त्याला धन्यकुमारांच्या घराची. धन्यकुमार हळदीचे व्यापारी, अगदी मऊ बोलणारा जैन माणूस. हॉलची लांब भिंत ज्योतिबाने तिला एकटीला दिली आणि स्वतः दुसऱ्या कामावर गेला. तिसऱ्या दिवशी धन्यकुमारांनी त्याला रस्त्यात गाठलं आणि भाबडेपणानं म्हणाले, "मिस्त्री, बाईंचं काम तुमच्यापेक्षा नेटकं वाटतंय की ओ! सांधे बघा, आखल्यासारखे."

ज्योतिबा हसला. पण ते वाक्य त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं. दोन दिवस अडकून राहिलं.

ह्याच सुमाराला त्याच्या उजव्या डोळ्यात काहीतरी बिनसलं होतं. समोर बघितलं की नेमकं मधोमध मळकट गोल दिसायचं, काचेवर ओला अंगठा टेकवावा तसं. दोन्ही डोळे उघडे असले की फारसं जाणवायचं नाही. त्याने सिमेंटची धूळ म्हणून सोडून दिलं, गुलाबपाणी घातलं. सांगायचं कुणाला? घरात बोलणं नाही. आणि मिस्त्रीनं डोळ्याची तक्रार बाहेर कशी करायची?

नोव्हेंबरातली सकाळ, अकराचा सुमार. भिंत डोक्याच्या वर गेली होती. ज्योतिबा आला तो आधीच तणतणत. त्याने डावा डोळा झाकला आणि उजवा कडेला लावला. भिंत मधोमध फुगलेली दिसली. चांगली दोन बोटं.

"पोट आलंय," तो म्हणाला.

संयोगिता बांबूच्या माचावरून खाली उतरली. "कुठं, मिस्त्री?"

"कुठं म्हंजे? मदी बघ, मदी!"

तिने बघितलं, हात फिरवून बघितला. "मला तर सरळ दिसतीया. ओळंबा लावून बघा की. चूक आसंल तर मी सोता पाडते."

एवढं बोलायला तिला धाडस लागलं असणार. सगळे बघत होते. ज्योतिबाने पिशवीतून ओळंबा काढला, पट्टी वर भिंतीला टेकवली, वजन खाली सोडलं. वजन हललं, थांबलं आणि जिथं टेकायला हवं तिथं अचूक टेकलं. ज्योतिबाने डावा डोळा झाकून दोरीकडे बघितलं. दोरीलाही मधोमध पोट आलेलं होतं. तेवढंच, तिथंच, दोन बोटं.

वजन बांधून सोडलेल्या दोरीला पोट येत नाही. पहिल्या दिवशी कामावर आलेल्या बिगाऱ्यालाही हे कळतं. ज्योतिबालाही कळलं. दोरी वाकडी दिसत असेल तर दोष भिंतीत नाही, बघणाऱ्यात आहे, हे त्याला त्या क्षणी लख्ख कळलं. आणि कळूनही त्याने दोरी गुंडाळली.

"वारं हाय," तो म्हणाला. झाडाचं पान हलत नव्हतं.

मग तो गड्यांकडे वळला आणि त्याच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "बाईच्या हाताला भाकरीचा गोल जमतोय, भिंत न्हाई जमत. चूक माजीच हाय, म्या थापी दिली. पाडा!"

दोघं-तिघं हसले. पाडायला मात्र कुणी पुढं आलं नाही, म्हणून त्याने स्वतःच पहार घेतली. वरचे थर अजून ओले होते, भसाभस आले. संयोगिता एका बाजूला उभी राहून बघत होती. रडली नाही. भिंत कमरेपर्यंत आल्यावर तिने आपली थापी धुतली, पदराने पुसली, सिमेंटच्या पोत्यावर ठेवली आणि निघून गेली. दोन दिवसांनी कळलं, घराला कुलूप घालून ती मुलीला घेऊन माहेरी गेली. दोन ठिकाणी तिला गवंडी म्हणून बोलावणार होते, तिथं दुसरे लागले. बाईची भिंत खुद्द मिस्त्रीनं पाडली म्हटल्यावर कोण बोलावणार?

त्या दुपारी ज्योतिबाला डबा गोड लागला. किती तरी दिवसांनी तो पोटभर जेवला. हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

भिंत त्याने स्वतः पुन्हा बांधली, नजरेवर, दोन दिवसांत. डिसेंबर संपता संपता बिराप्पा गिलाव्याला आला. त्याने ॲल्युमिनियमची लांब पट्टी भिंतीला लावली, काढली, परत लावली. मग ज्योतिबाला हाक मारली. "मिस्त्री, जरा हिकडं या. माझंच काय चुकतंय का बघा."

पट्टी वर टेकत होती, खाली टेकत होती आणि मध्ये तिच्यामागून बिराप्पाची तीन बोटं आरपार जात होती. भिंत मधोमध आत गेलेली, चार दिवस उपाशी असल्यासारखी. ज्योतिबाने डावा डोळा झाकला. भिंत सरळ. मग, आयुष्यात पहिल्यांदाच, उजवा झाकून डाव्याने बघितलं. भिंत आत गेलेली. पुन्हा डावा झाकला. सरळ. असं त्याने तीनदा केलं आणि सगळे त्याच्याकडे बघत राहिले. फुगलेली दिसू नये म्हणून त्याने एकेक वीट आत ठोकली होती. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. लाजेनं त्याचे कान तापले आणि पहिल्यांदा आठवली ती दोरी.

धन्यकुमार रागावले नाहीत. "आधी डोळा दाखवून घ्या मिस्त्री. भिंत कुठं पळून जाते?" म्हणाले आणि त्यांनीच शंभूराजला फोन लावला. शंभूराज मोटारसायकल घेऊन आला. बापाकडे न बघता म्हणाला, "बसा." दीड वर्षातला हा पहिला शब्द.

सांगलीला डॉक्टर प्रीती म्हणून डोळ्यांच्या डॉक्टर होत्या. तरुण, समजावून बोलणाऱ्या. त्यांनी ज्योतिबाच्या हातात चौकटींचा एक कागद दिला, मध्ये काळा ठिपका. एकेक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायला सांगितलं. डाव्याने सगळ्या रेघा सरळ. उजव्याने बघितलं तर ठिपक्याभोवतीच्या रेघा बाहेर फुगलेल्या.

"पोट आलंय," तो नकळत म्हणाला.

मग थेंब घालून, मशीनसमोर बसवून तपासणी झाली. डॉक्टरांनी पडद्यावरचं चित्र दाखवलं. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला, एक पातळ पडदा असतो. त्याच्यावर आपल्याला दिसणारं उमटतं. त्याच्याखाली रक्तवाहिन्यांचं जाळं. त्या जाळ्यातून पाणी पाझरून पडद्याखाली साचलं होतं आणि पडदा तिथं फुगून आला होता. "भिंत सरळच असते," डॉक्टर म्हणाल्या, "पण ज्याच्यावर ती उमटते तोच उचलला गेलाय."

नर्सने दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला. एकशे शहात्तर, एकशे आठ. डॉक्टरांनी पुन्हा एकदा बघायला लावला. तेवढाच.

"झोप किती लागते?"

"लागती की."

"कसला ताण? काळजी? घरात काही?"

"झ्याक हाय सगळं," ज्योतिबा म्हणाला.

दाराशी उभा असलेला शंभूराज म्हणाला, "म्याडम, आमी दोगं दीड वर्सं येकमेकांशी बोलत न्हाई. हे झोपत न्हाईत. दात खात्यात झोपेत, भिंतीपल्याड मला आयकू येतंय."

ज्योतिबाने मान खाली घातली. परक्या बाईसमोर, तिच्या नर्ससमोर घराचं असं उघडं पडलं आणि उघडं पाडणाऱ्याचा एकही शब्द खोटा नव्हता. चारचौघांत खाली बघायला लागतं तेव्हा आपल्याच पायांची बोटं किती वेळ बघावी लागतात, हे त्याला त्या दिवशी कळलं.

डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली. "हे बघा काका, नुसत्या ताणानंच झालं असं मी म्हणणार नाही. पण ह्या आजारात तो हमखास सापडतो. कायम धसक्यात असलेलं शरीर सतत राखणीला बसल्यासारखं असतं. रक्तदाब चढता राहतो, बारीक वाहिन्या आवळल्या जातात, काही पाझरतात. तुमच्या डोळ्यातल्या बाकीच्या वाहिन्याही मला जागोजागी बारीक झालेल्या दिसतायत. ते काल-परवाचं नाही, काही वर्षांचं आहे. आणि मेंदूतल्या बारीक वाहिन्या जवळपास ह्याच जातीच्या. त्या मला अशा बघता येत नाहीत, पण डोळ्यात हे दिसल्यावर तिकडची काळजी वाटते. डोळ्यातलं पाणी बहुतेक तीन-चार महिन्यांत ओसरेल. मेंदूतली वाहिनी एकदा फुटली किंवा बंद झाली तर मात्र मागं फिरता येत नाही. गोळी रोज घ्यायची, फिजिशियनला दाखवायचं, तंबाखू बंद. आणि घरात बोला."

थेंबांमुळे त्याला धड दिसत नव्हतं, म्हणून दोघं बाहेरच्या बाकावर बसून राहिले. शंभूराजचा चेहरा त्याला नुसता धूसर ठिपका दिसत होता. कदाचित त्यामुळेच तोंड उघडलं.

"शंभू, त्या लग्नात म्या बोललो ते वंगाळ बोललो रं."

शंभूराजच्या हातातली चिठ्ठी चुरगळल्याचा आवाज आला.

"लय वंगाळ बोललो. लोकं हसली तवा मला बरं वाटलं. तू उठलास तवा कळलं, पर माघार घ्यायची लाज वाटली."

"दीड वर्स लाज वाटली?"

"व्हय."

शंभूराजने चिठ्ठी सरळ केली. मग म्हणाला, "चला, गोळ्या घिऊ." पण उठताना त्याने बापाच्या दंडाला धरलं.

गावात बातमी पसरली आणि सगळ्यांना मिस्त्रीची कीव आली. डोळ्याचं दुखणं, बिचाऱ्याचा काय दोष! माणसं घरी भेटायला येऊ लागली. बिराप्पा म्हणाला, "ते बाईच्या भिंतीचं पण मनाला लावून घिऊ नका. डोळाच फसवला तुमाला." ज्योतिबा "व्हय, व्हय" म्हणाला. चार-पाच दिवस त्याने हा दिलासा खाऊन काढला. सगळ्या गावानं त्याला माफ केलं होतं आणि त्या माफीने त्याचा जीव गुदमरत होता. आजार खरा होता. पण त्याच्या आड उभं राहून आपण काय लपवतोय, हे एकट्या त्यालाच माहीत होतं.

गोळीने रक्तदाब उतरला. जानेवारीअखेर तो एसटीने साताऱ्याला, तिथून मेढ्याला गेला, आणि तिथून जीपने वर. महाबळेश्वरच्या अंगाला स्ट्रॉबेरीचे मळे होते. संयोगिता एका मळ्यात वाकून फळं तोडत होती. त्याला बघून ती उठली, हात पुसले.

"मिस्त्री? आवं, हिकडं कसं?"

बांधावर बसून त्याने सगळं सांगितलं. तीन बोटांची फट, सांगली, पडद्याखालचं पाणी. "तुजी भिंत सरळ व्हती," तो म्हणाला.

संयोगिताचे डोळे भरून आले. "मला वाटायचं, मलाच दिसत न्हाई धड. रोज वाटायचं," ती म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, "जाऊ द्या मिस्त्री. डोळ्याचं दुखनं, तुमी तरी काय करनार? तुमी सांगाय आला ह्येच लय झालं."

झालं. काम झालं होतं. माफी मिळाली होती, तीही स्वस्तात. खाली जाणारी जीप रस्त्यावर उभी होती. ज्योतिबा उठला, चार पावलं गेला आणि त्याला स्वतःची इतकी किळस आली की पाय पुढं पडेना. तो परत येऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"तू ओळंबा लावा म्हनलीस. म्या लावला. वजन बराबर टेकलं. आन दोरी मला वाकडी दिसली, संयोगिता."

ती गवंडी होती. तिला समजावून सांगायला लागलं नाही.

"मंग तवाच कळलं आसंल तुमाला."

"कळलं."

"आन तरी पाडली."

"व्हय. मालक म्हनले, बाईचं काम तुमच्यापरीस नेटकं हाय. ते मला सोसलं न्हाई. डोळ्याला वाकडं दिसत व्हतं, मला सरळ कळत व्हतं. म्या डोळ्याचं आयकलं, कारन मला तेच पायजे व्हतं."

"पाडल्यावर बरं वाटलं?"

असा प्रश्न त्याला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. खोटं बोलायला वाव होता. "व्हय," तो म्हणाला. "त्या दिवशी मला जेवान गोड लागलं."

संयोगिता उठली आणि पुन्हा तोडायला वाकली. एक अख्खी सरी तिने तशीच संपवली. ज्योतिबा उन्हात उभा होता. सरी संपल्यावर ती न वळता म्हणाली, "हितं मला एकटीला सांगून काय उपेग? पाडली सगळ्यांफुडं. गड्यांफुडं. त्येंच्याफुडं, मालकांफुडं बोला. मी येते मंगळवारी. आन ती भिंत मीच बांधनार."

मंगळवारी ज्योतिबा धन्यकुमारांच्या घरी सगळ्यांच्या आधी पोचला. आदल्या दिवशीच त्याने आपल्या हातांनी आपली भिंत पाडली होती. शंभूराज बागेतलं काम सोडून त्याच्याबरोबर आला होता. गडी आले, बिराप्पा आला, धन्यकुमार आले. संयोगिता आली आणि मागं उभी राहिली.

ज्योतिबाचा आवाज एरवी रस्त्यापर्यंत जायचा. त्या दिवशी आवाज बसला. "संयोगिताची भिंत सरळ व्हती," तो म्हणाला. "म्या ओळंबा लावला तवाच मला कळलं व्हतं, खोट माज्या डोळ्यात हाय. कळून बी पाडली. बाई फुडं चालली म्हनून पाडली. आन वर तिच्या भाकरीवरनं बोललो."

बिराप्पाला राहवेना. "आवं मिस्त्री, डोळ्याचं दुखणं हो ते..."

"डोळ्याचं दुखनं डोळ्याला झालं, बिराप्पा," ज्योतिबा म्हणाला. "जीभ माजी चांगली व्हती."

धन्यकुमारांनी चष्मा काढून पुसायला घेतला. त्या दिवशी जे हसले होते ते दोघं-तिघं आता जमिनीकडे बघत होते. ज्योतिबाने मात्र मान वर ठेवली होती. खाली घालायची मुभा आपल्याला नाही असं त्याला वाटत होतं. ते सगळे चेहरे बघणं पहार चालवण्यापेक्षा जड होतं.

संयोगिता पुढं आली. तिने पदर खोचला, ज्योतिबाने आणून ठेवलेली आपली थापी उचलली, भिंतीच्या पायाशी दोरी ताणून बांधली आणि विचारलं, "माल कोन कालवतंय?"

दोन गडी फावड्याकडे वळले. त्यांच्याआधी ज्योतिबाने फावडं उचललं.

दिवसभर त्याने माल कालवला आणि घमेली दिली. माल एकदा पातळ झाला तेव्हा तिने तसं सांगितलं, आणि त्याने वाळू घालून पुन्हा फिरवला. एकदाही ती त्याला मिस्त्री म्हणाली नाही. सरळ "माल" म्हणायची, कुठल्याही बिगाऱ्याला म्हणावं तसं, आणि तो घमेलं वर द्यायचा. त्याच्या खांद्यांना ती सवय राहिली नव्हती. दुपारपर्यंत घमेलं छातीच्या वर जाईना. शंभूराज म्हणाला, "अण्णा, द्या मी देतो." ज्योतिबाने मान हलवून नको म्हटलं.

पाच वाजता तिने ओळंबा लावला, बघितला आणि दोरी गुंडाळली. कुणाला विचारलं नाही. हात धुतले, थापी धुतली आणि शिवांजली शेजारणीकडे होती तिला आणायला निघाली. फाटकाशी पोचल्यावर थांबून ज्योतिबाकडे बघत म्हणाली,

"उद्या सातला या. आज काम लागायला आठ वाजवलं तुमी सगळ्यांनी."

"येतो," ज्योतिबा म्हणाला.